पिवळं घर आणि हाताची घडी

टॅमरॅक फॉल्स गावात एल्डर नावाची एक गल्ली आहे. गल्लीत घरं बारा. त्या सकाळी गुडघाभर बर्फ पडला होता आणि व्हर्लिन सोबोत्का नेहमीप्रमाणे सात वाजता बर्फ उडवायचं यंत्र घेऊन बाहेर पडला. स्वतःच्या घरापासून सुरुवात करून त्याने एकामागून एक अकरा घरांपुढची वाट साफ केली. बाराव्या, पिवळ्या घरापुढे आल्यावर मात्र त्याने यंत्र बंद केलं, लांबून वळसा घालून ढकलत नेलं आणि खाली मान घालून घरी परतला.

पिवळ्या घराच्या खिडकीत अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या टुफ्टेबाई कॉफीचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हात हलवला. व्हर्लिनने हलवला नाही. हात हलवणं नियमात बसतं की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

आता, ते पिवळं घर दुसऱ्या कोणाचं असतं तर व्हर्लिनने तेही साफ केलं असतं. गेली तीस वर्षं तो करतच आला होता. पंचाईत अशी की या सप्टेंबरपासून ते घर त्याचंच होतं.

व्हर्लिनने एक्केचाळीस वर्षं गावभरचे नळ दुरुस्त केले. हात सोन्याचे, पण स्वभाव उतावळा. दुसरा कोणी काही करत असलेला त्याला बघवत नसे. "सरक, मी करतो," हे त्याचं आवडतं वाक्य. त्याची बायको लव्हॉन हिने लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत एकही बरणी स्वतः उघडली नव्हती. तिने झाकणाला हात लावला की मागून आवाज यायचाच, "सरक!"

निवृत्त झाल्यावर म्हातारपणासाठी साठवलेले पैसे कुठे ठेवायचे असा प्रश्न आला. लोक शेअर घेतात, रोखे घेतात. व्हर्लिनचा कागदांवर विश्वास नव्हता. "ज्यावर हातोडी मारून बघता येत नाही, त्यात मी पैसे घालणार नाही," तो म्हणायचा. मग त्याला कळलं की निवृत्तीच्या खात्याचा एक प्रकार असाही असतो, ज्यात काय विकत घ्यायचं ते आपण ठरवायचं. घरसुद्धा चालतं. कागद सांभाळायला एक कंपनी असते. घर तिच्या नावावर, खात्यासाठी म्हणून राहतं. भाडं खात्यात जातं, खर्च खात्यातून होतो आणि कराचं बघायचं ते पैसे बाहेर काढताना. व्हर्लिनने समोरचं, टुफ्टेबाई भाड्याने राहत होत्या ते पिवळं घर बघितलं, भिंतीवर हातोडीने दोनदा टकटक केलं आणि सेहेचाळीस पानांवर न वाचता सह्या ठोकल्या.

त्या पानांत काय होतं, ते लहान मुलांना सांगावं तसं सांगतो. समजा, तुम्ही म्हातारपणासाठी काकडीच्या लोणच्याची एक मोठी बरणी भरली आणि शेजारणीकडे ठेवायला दिली. लोणचं तुमचंच. कुठली काकडी घालायची तेही तुम्हीच सांगायचं. पण बरणीत बोट घालायचं नाही. ढवळायचं नाही, मीठ टाकायचं नाही, झाकण पुसायचंसुद्धा नाही. एकदा जरी बोट बुडवलं, तरी सरकार म्हणणार, "तुम्ही अख्खी बरणी खाल्लीत," आणि अख्ख्या बरणीवरचा कर त्याच वर्षी मागणार. व्हर्लिनच्या बाबतीत तो कर एवढा झाला असता की पिवळं घर तर गेलंच असतं, वर राहत्या घराचं छप्परही कुरकुरलं असतं.

हे त्याला कळलं ते कंपनीतल्या मिस रायडाउटकडून, फोनवर, त्या बर्फाच्या आदल्या दिवशी.

"साधा बर्फ उडवायचाय हो," व्हर्लिन म्हणाला. "त्यात कसली दुरुस्ती?"

"खात्याच्या घरासाठी तुम्ही अंगमेहनत करायची नाही, मिस्टर सोबोत्का. पान एकोणीस."

"मी सगळ्या शेजाऱ्यांचा बर्फ काढतो."

"शेजाऱ्याने काढला तर आमची हरकत नाही."

"अहो, पण मीच शेजारी आहे!"

"तुम्ही शेजारी आहात हे खरं. पण तुम्ही तुम्हीही आहात."

व्हर्लिनने कपाळाला हात लावला. तेवढी मुभा होती.

"बायकोने काढला तर?"

"नाही."

"मुलगा मॅडिसनला असतो. तो आला तर?"

"मुलगा नाही, सून नाही, नातवंडं नाहीत. आईवडील नाहीत."

"आई जाऊन अकरा वर्षं झाली."

"तरीही त्यांनी न काढलेला बरा," मिस रायडाउट म्हणाली. ती फार काटेकोर बाई होती. "माणूस लावा. बिल आम्हाला पाठवा. खात्यातून चेक निघेल, दहा दिवसांत."

"दहा दिवसांत दुसरा बर्फ पडेल!"

"मग दोन बिलं पाठवा."

फोन ठेवता ठेवता व्हर्लिनने सहज विचारलं, "आणि भाऊ?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "भाऊ... भाऊ चालतो. भावाबहिणींचं नाव यादीत नाही."

"यादी नीट बघा. काहीतरी चुकलंय."

"भाऊ चालतो, मिस्टर सोबोत्का."

व्हर्लिनने फोन ठेवला. लव्हॉन दारात उभी राहून ऐकत होती. "डेल्बर्ट!" ती म्हणाली आणि तिला असं हसू फुटलं की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

डेल्बर्ट म्हणजे व्हर्लिनचा धाकटा भाऊ, दोन वर्षांनी लहान. गावातला न्हावी. आयुष्यभर हातात कात्री नाहीतर वस्तरा, पान्याला कधी स्पर्श नाही. का नाही, ते गावाला ठाऊक होतं. लहानपणी डेल्बर्टने सायकलची साखळी हातात घेतली की व्हर्लिन म्हणायचा, "सरक." पतंग घेतला, "सरक." गळाला एकदा मोठा मासा लागला, तेव्हाही "सरक" म्हणून व्हर्लिनने गळ ओढून घेतला आणि मासा सुटला. तेव्हापासून दोघे भाऊ सणावाराला एकमेकांना हॅम वाढत, पण त्याहून जास्त बोलत नसत. डेल्बर्टच्या दुकानात ग्राहकांच्या पाठीमागच्या भिंतीवर एक उलटं घड्याळ होतं, आकडे उलटे, काटेही उलटे फिरणारे, म्हणजे खुर्चीतल्या माणसाला आरशात वेळ सुलट दिसावी. गावातली पोरं केस कापायला कमी आणि ते घड्याळ बघायला जास्त जात. दुकान विकलं तेव्हा डेल्बर्टने घड्याळ घरी नेऊन स्वयंपाकघरात लावलं होतं. त्याला त्याचीच सवय.

"त्याला मी विचारणार नाही," व्हर्लिन म्हणाला.

"नको विचारू," लव्हॉन म्हणाली. "शुक्रवार येऊ दे."

शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव खाणावळीत तळलेला मासा खायला जमतं. सोबोत्का नवराबायको आत शिरले आणि टेबलाटेबलांवरची कुजबुज थांबली. वाढायला ट्विला होती, जिच्या तळघरातला पंप व्हर्लिनने गेल्याच वर्षी फुकट बसवून दिला होता. तिने लव्हॉनसमोर माशाचे तीन तुकडे ठेवले आणि व्हर्लिनसमोर एक, तोही शेपटीकडचा.

"माझे बाकीचे कुठे आहेत?" व्हर्लिनने विचारलं.

"टुफ्टेबाईंच्या दारात, बर्फाखाली," ट्विला म्हणाली आणि लिंबाची फोडही उचलून घेऊन गेली.

शेजारच्या टेबलावरून कोणीतरी ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं, "घर घेतलं आणि बघा. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई, आणि तिच्या एकटीच्या दारातला बर्फ सोडतो."

"आपल्या सगळ्यांना चौथीला शिकवलं तिने."

"यालाही शिकवलं. उगाच शिकवलं."

व्हर्लिन उभा राहिला. त्याला लोणच्याची बरणी, पान एकोणीस, सगळं सांगायचं होतं. पण समजावून सांगणं हा त्याचा प्रांतच नव्हता. "मला परवानगी नाही!" एवढंच तो ओरडला.

सगळ्यांनी लव्हॉनकडे पाहिलं. आता गावाचा समज असा झाला की बायकोच परवानगी देत नाही. लव्हॉनच्या ताटातले दोन तुकडे ट्विलाने परत नेले.

घरी दारातून आत आल्याबरोबर लव्हॉन म्हणाली, "फोन कर त्याला." आणि तेवढ्यात फोनच वाजला.

पलीकडे टुफ्टेबाई होत्या. "व्हर्लिन, तुला त्रास देत नाही मी कधी. पण स्वयंपाकघरातला नळ परवापासून टपटपतोय. आता त्याचा ठेका असा झालाय की मला झोपेत पाढे म्हणावेसे वाटतात. सातावर अडकते मी."

व्हर्लिनचे हात शिवशिवू लागले. नळ! एका वॉशरचं काम. "चार मिनिटं," तो पुटपुटला. त्याचे पाय आपोआप दाराकडे वळले, हत्यारांची पेटी हातात आली, आणि उंबरठ्यावर लव्हॉन आडवी उभी राहिली.

"तुझ्या त्या चार मिनिटांत आपलं म्हातारपण वाहून जाईल," ती म्हणाली. "पेटी खाली ठेव."

व्हर्लिनने पेटी ठेवली आणि डेल्बर्टला फोन लावला.

"डेल्बर्ट, मी बोलतोय."

"कोण गेलं?" डेल्बर्टने घाबरून विचारलं.

"कोणी नाही गेलं. एक नळ आहे. तुला तो... तुला जमेल का... म्हणजे मला तो दुरुस्त करता येत नाही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग डेल्बर्ट म्हणाला, "पुन्हा म्हण."

"काय?"

"ते शेवटचं. हळूहळू म्हण. मी बायकोला फोनजवळ बोलावतो."

व्हर्लिनने ते वाक्य तीन वेळा म्हटलं, तिसऱ्यांदा डेल्बर्टच्या बायकोसाठी. सगळी हकिगत ऐकून डेल्बर्ट म्हणाला, "म्हणजे मी काम करणार आणि तू बघणार. कायद्याने."

"हो."

"आणि तू 'सरक' म्हणायचं नाहीस. कायद्याने."

"हो, बाबा, हो."

"व्हर्न, हा देश फार चांगला आहे," डेल्बर्ट म्हणाला. "उद्या दहाला येतो."

शनिवारी दहाला डेल्बर्ट आला तो कमरेला कोरा करकरीत हत्यारांचा पट्टा बांधून. पट्ट्याला किमतीची चिठ्ठी तशीच लटकत होती. व्हर्लिनची हत्यारं वापरता येणार नव्हती. मालकाने खात्याच्या घराला वस्तूही पुरवायची नाही, असं पान वीस म्हणत होतं. लव्हॉन नवऱ्यावर पहारा करायला आली होती. टुफ्टेबाईंनी स्वयंपाकघरात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, वर्ग भरायचा असावा तशा.

"व्हर्लिन, तू इथे बस," त्या म्हणाल्या. "हाताची घडी घाल."

"बाई, मी सहासष्ट वर्षांचा आहे."

"हाताची घडी."

व्हर्लिनने घडी घातली.

"तोंडावर बोट मात्र नको," बाई म्हणाल्या. "आज तोंड चालवायचंय. डेल्बर्ट, तू नळाजवळ जा. व्हर्लिन तुला शिकवेल."

"मी?" व्हर्लिन म्हणाला.

"का? डेल्बर्ट चौथीत असताना तू त्याचं गणित सोडवून द्यायचास, आठवतंय? पोरगं सहावीपर्यंत भागाकार शिकलं नाही. आज ते फेड."

डेल्बर्ट नळापुढे उभा राहिला. व्हर्लिनने तोंड उघडलं आणि त्याला जाणवलं की काय सांगायचं ते त्याला माहीतच नाही. माहीत होतं ते हातांना. हात काखेत अडकलेले.

"ते... तो वरचा दांडा. तो काढ. म्हणजे खालचं ते सैल कर."

"ते म्हणजे कुठलं?"

"ते रे! दिसत नाही का? ते पितळेचं!"

डेल्बर्टने पाना लावला. मनापासून लावला. पितळेचं ते सैल झालं, मग आणखी सैल झालं, आणि मग नळाचा आतला भाग बंदुकीच्या गोळीसारखा उडून छताला लागला. पाठोपाठ पाण्याचं कारंजं. नळ खोलण्याआधी सिंकखालची पाण्याची चावी बंद करायची असते. व्हर्लिनचे हात ते काम इतकी वर्षं न सांगता करत आले होते, म्हणून तोंडाला ते सांगायचं सुचलंच नाही.

"टॉवेल!" लव्हॉन ओरडली, ओट्यावरचा टॉवेल उचलला आणि वाकता वाकता थबकली. बायकोही यादीत होती. ती टॉवेल हवेत धरून पुतळ्यासारखी उभी राहिली. टुफ्टेबाईंनी शांतपणे तो तिच्या हातातून घेतला आणि जमिनीवर पसरला.

"चावी! खालची चावी बंद कर!" व्हर्लिन ओरडला.

डेल्बर्ट सिंकखाली घुसला. "कुठल्या बाजूला फिरवू?"

"घड्याळासारखी! घड्याळाच्या काट्यासारखी!"

डेल्बर्टने डोळ्यांपुढे घड्याळ आणलं आणि चावी फिरवली. कारंजं दुप्पट झालं.

"उलटी नको, सुलटी! घड्याळासारखी, गाढवा!"

"घड्याळासारखीच फिरवतोय!" डेल्बर्टने आणखी जोर केला. पाणी आता थेट छताला पोहोचलं आणि तिथून टुफ्टेबाईंच्या केसांवर पडू लागलं.

व्हर्लिनची घडी सुटली. तो कधी उठला, कधी गुडघ्यावर बसला, ते त्याला कळलंही नाही. हात सिंकखाली पोहोचला होता. चावी बोटापासून वीतभर लांब. ओठांवर ते जुनं वाक्य आलं होतं, अर्धं बाहेरही पडलं, "सर..."

"व्हर्लिन सोबोत्का!"

साठ वर्षांपूर्वी त्या आवाजाने चाळीस पोरं एका दमात गप्प बसत. व्हर्लिनचा हात तिथल्या तिथे थिजला. बोट आणि चावी यांच्यामध्ये वीतभर हवा होती, आणि त्या वीतभर हवेत त्याचं आणि लव्हॉनचं सगळं म्हातारपण उभं होतं.

"हात मागे," बाई म्हणाल्या. केसांतून पाणी निथळत होतं, पण आवाज वर्गातलाच. "आता विचार कर. हुशार आहे तुझा भाऊ. तू सांगतोस तसंच तो करतोय. मग चुकतंय कुठे?"

व्हर्लिनने हात मागे घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने डेल्बर्टचं काम नाही, डेल्बर्टचं तोंड पाहिलं. ओला चिंब, डोळे मिटलेले, जीभ बाहेर, मनातल्या कुठल्या तरी घड्याळाकडे बघत फिरवतोय. आणि व्हर्लिनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"डेल्बर्ट! कुठलं घड्याळ?"

"आपलंच! दुकानातलं!"

"ते नको! शाळेतलं! बाईंच्या फळ्यावरचं! आपण सुट्टीची वाट बघत ज्याच्याकडे टक लावून बसायचो, ते!"

डेल्बर्टचे डोळे उघडले. "हां... ते!" तो म्हणाला आणि त्याने चावी दुसऱ्या बाजूला फिरवली. कारंजं बुटकं झालं, गुडघाभर झालं, एकदा खोकलं आणि बंद पडलं.

लव्हॉन खुर्चीवर मटकन बसली, आणि टुफ्टेबाई म्हणाल्या, "शाबास. दोघांनाही." त्यांनी दोघांना एकेक बिस्कीट दिलं, चौथीत द्यायच्या तसं.

पुढचं काम व्हायला दोन तास लागले. व्हर्लिनला चार मिनिटं लागली असती, पण तो तसं म्हणाला नाही. वॉशर किती आवळायचा ते समजावताना तो आधी "नीट आवळ" म्हणाला, मग थांबला, विचार केला आणि म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधायचास ना, तेवढं. पाणी आत जायला नको, पण माणूस गुदमरायलाही नको."

"असं आधी सांगायचं ना!" डेल्बर्ट म्हणाला आणि पहिल्याच फटक्यात बरोबर आवळलं. चावी उघडली. सगळे कान देऊन बसले. टपटप नाही.

"सात साते एकोणपन्नास," टुफ्टेबाई समाधानाने म्हणाल्या.

सोमवारी मिस रायडाउटचा फोन आला. "मिस्टर सोबोत्का, डेल्बर्ट सोबोत्का यांचं बिल आलंय. पहिली बाब, नळदुरुस्ती, चाळीस डॉलर. ती ठीक आहे. दुसरी बाब, 'मोठ्या भावाचं ऐकून घेणे', दोनशे डॉलर. तर ही नक्की दुरुस्ती धरायची की देखभाल?"

व्हर्लिनने बराच विचार केला. "दुरुस्ती," तो म्हणाला. "साठ वर्षं बिघडलेलं होतं."

"घराची दुरुस्ती नसेल तर खात्यातून देता येणार नाही."

"मग ती तुम्ही खोडा. ती मी माझ्या खिशातून देईन. ती घराची नाही."

पुढचा बर्फ पडला गुरुवारी. सकाळी सातला डेल्बर्ट स्वतःचं नवं यंत्र घेऊन एल्डर गल्लीत हजर झाला. व्हर्लिनने अकरा घरं साफ केली आणि आपल्या अंगणात, खिशात हात घालून उभा राहिला. समोर डेल्बर्ट पिवळ्या घरापुढे यंत्र चालवत होता. वाट अशी वेडीवाकडी निघत होती की तिच्यावरून सरळ चालणारा माणूस बर्फात गेला असता. टुफ्टेबाईंनी खिडकीतून हात हलवला. या वेळी व्हर्लिनने खिशातून हात काढून हलवला. त्याने मिस रायडाउटला विचारून घेतलं होतं.

पिवळं घर संपल्यावर डेल्बर्ट रंगात आला होता. तो रस्ता ओलांडून आला आणि त्याने व्हर्लिनच्या दारातला, आधीच साफ केलेला रस्ताही पुन्हा साफ करायला घेतला. कडेचा सगळा बर्फ त्याने परत मधे आणून टाकला.

"कसं झालं?" त्याने धापा टाकत विचारलं.

हे व्हर्लिनचं राहतं घर होतं. इथे ना पान एकोणीस, ना वीस, ना कंपनी, ना यादी. भिंतीला टेकवलेलं फावडं हाताशी होतं. ओठांवर ते वाक्यही आलं होतं.

लव्हॉन दारात उभी होती. तिच्या हातात लोणच्याची बरणी होती, घट्ट झाकणाची.

"घड्याळ बरोबर चाललंय तुझं," व्हर्लिन म्हणाला आणि त्याने हाताची घडी घातली. "आत ये. कॉफी घे."

मागे लव्हॉनने झाकणाला हात घातला, जोर लावला आणि बरणी उघडली.